नथ्थूभाऊंच्या पिकअपचा चीक

नथ्थूभाऊंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कुंपणावर बसली होती, पोरं जांभळीच्या झाडावर चढली होती आणि बायका हातात पाण्याचे तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. रांगेच्या तोंडाशी भाऊंची जुनी निळी पिकअप उभी होती. तिच्या दोन्ही हेडलाइटवरून लोकरीचा मफलर गुंडाळून वर बोनेटवर गाठ मारलेली होती. बाळंतिणीच्या कानात वारा जाऊ नये म्हणून बांधतात ना, अगदी तशी. बोनेटवर डिंकाचे लाडू होते, त्यातला एक माकडानं पळवला होता. आणि गाडीच्या पोटाखाली एक माणूस उताणा पडून पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धार काढत होता.

"आली! आली मायची धार!" खालून आरोळी आली.

गंजात पांढरट-पिवळं, दाट, फेसाळ असं काहीतरी पडत होतं. रांगेतल्या प्रत्येक बाईनं ते पाहिलं आणि प्रत्येकीनं हात जोडले. गाय व्याल्यावर पहिल्या दिवशी जो चीक निघतो, तसाच रंग, तसाच दाटपणा.

"मॅडम, बरं झालं तुमी आल्या," याच अंगणात पलीकडच्या घरात राहणाऱ्या बायनाबाई माझा हात धरून म्हणाल्या. "नथ्थूची गाडी व्याली न!"

मी संघप्रिया. हळदटोल्याच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आणि त्यासाठी रोज मूल या तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर येते. माझा स्वभाव जरा तापट आहे असं शाळेतले लोक म्हणतात. घरचे लोक 'जरा' म्हणत नाहीत. त्या दिवशी अर्धा वर्ग गायब दिसला म्हणून पोरांना हुडकत मी या अंगणात आले होते, आणि माझे सगळे विद्यार्थी जांभळीवर सापडले.

झालं होतं असं. दिवाळी झाली, धान निघालं की नथ्थूभाऊ मूलच्या राइस मिलला फेऱ्या सुरू करतात. पहिल्या फेरीआधी ते स्वतःच्या हातानं गाडीचं इंजिन ऑइल बदलतात. या कामाला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पिकअप माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तिच्या मागच्या फळ्या सागवानी आहेत, डावं दार सुतळीनं बांधलेलं आहे, आणि भाऊंचा तिच्यावर स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त जीव आहे. तर मी अंगणात आले त्याच्या दोन दिवस आधी भाऊंनी खाली घमेलं सरकवलं, पान्ह्यानं खालचा नट सोडला आणि काळं तेल यायची वाट पाहू लागले. काळं तेल आलंच नाही. आला तो हा चीक.

भाऊ ओरडले. नेमका तेव्हा मुखरू तिथं उभा होता.

मुखरू झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा. ऋषी, राजा आणि प्रेत या तिन्ही भूमिका तो एकाच नाटकात निभवायचा. मागच्या हंगामात प्रेत झालेला असताना त्याला शिंक आली, राजकुमारीचा विलाप अर्धा राहिला आणि कंपनीनं त्याला नारळ दिला. आता नवी कंपनी शोधायला वडश्याला जायचं होतं, म्हणून तो भाऊंकडे लिफ्ट मागायला आला होता. घमेल्यातलं पांढरं पाहिलं मात्र, त्यानं ऋषीचा आवाज काढला.

"थांबा! नट लावू नका! हे ग्रामस्थांनो, कलियुगात कामधेनूनं रूप पालटलं आहे! चार पायांची चार चाकं झाली, शिंगांचे आरसे झाले, शेपटीचा सायलेन्सर झाला! परंतु आईची माया, ती मात्र तशीच पान्हावली!"

हे सगळं त्यानं एका दमात म्हटलं. तालमीची सवय असते. ऋषीची दाढी त्याच्या पिशवीतच होती, ती त्यानं संध्याकाळी लावली. दुसऱ्या दिवसापासून तो चक्रधेनू महाराज झाला. वडसा राहिलं बाजूला, हंगामभर जेवणाची, मुक्कामाची आणि प्रेक्षकांची सोय गावातच झाली.

"मुखरूभाऊ," मी विचारलं, "व्याली म्हणता, तं पिल्लू कुठी हाये?"

माझी पोरं झाडावरून खुसखुसली. महाराज गाडीखालून सरपटत बाहेर आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिकअपच्या शेजारी स्टँडवर लावलेल्या मोपेडकडे बोट केलं.

"ते काय! आईच्या कुशीला लागून उभं आहे!"

"अबे!" नथ्थूभाऊंचा पुतण्या निकेश गर्दीतून ओरडला. "थे माही मोपेड हाये! मी मूलच्या शोरूममधून आणली! आरसी बुक हाये माह्याकडे!"

"आणली ना, पण जन्म कोणं देल्ला?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि निकेशला बाकीच्यांनी खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर मोपेडच्या हेडलाइटला काजळाची तीट लावलेली होती. हँडलला काळा दोरा होता. निकेश पायी फिरत होता, कारण तान्ह्या लेकरावर बसायचं कसं, असं त्याला त्याच्याच आईनं विचारलं होतं.

इथवर मला हसू येत होतं, हे मी लपवत नाही. गाडीला मफलर बांधला, लाडू चारले, तर कुणाचं काय गेलं? फार तर माकडांचं पोट बिघडेल. पण त्या पहिल्याच दिवशी, निकेशला खाली बसवलं तेवढ्यात, बायनाबाईंनी गंजातला चीक बोटावर घेऊन चोळून पाहिला आणि समाधानानं म्हणाल्या, "मस्त दाट हाये. बारशाले पुनमच्या पोराले चमचाभर पाजतो. महाराजानं सांगितलं, मायचा चीक पेल्लं का पोरगं जलमभर बिमार पडत नाई."

माझं हसू तिथंच थांबलं.

पुनम बायनाबाईंची सून. माझ्याच शाळेत शिकली, माझ्याच वर्गात. तिला नुकतंच बाळ झालं होतं आणि दूध नीट उतरत नव्हतं. बाळ रडायचं, पुनम रडायची, आणि घरातली प्रत्येक बाई येऊन तिला सांगायची की तुझ्यात काहीतरी कमी आहे. ती ओट्यावर बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बायनाबाई, थे इंजिनचं तेल हाये," मी म्हटलं. "लेकराच्या पोटात गेलं, छातीत उतरलं तं जीव जाईन त्याचा."

"तेल काळं असते, मॅडम. हे पांढरं हाये. आमी काय आंधळे हावो?"

"पुनमले दवाखान्यात न्या."

"नेलं होतं. थे डॉक्टरीणबाई म्हणे आईचंच पाजा, येईन दूध. अवं, येईन तं येऊन नाई राह्यलं काऊन?"

मला भयंकर राग आला. मुखरूचा आला, बायनाबाईंचा आला, त्या मफलरचाही आला.

मी घरी गेले नाही, कुंपणाला टेकून उभी राहिले आणि हा सगळा सोहळा नीट पाहिला. क्रम ठरलेला होता. आधी बायका रांगेनं येऊन आपापला तांब्या रेडिएटरमध्ये रिकामा करत. "माय पाणी पेते!" असा गजर होई, आणि खरोखरच पिकअप पाणी पीत होती, कारण कितीही ओतलं तरी रेडिएटर पुन्हा जागा देत होता आणि खाली जमिनीवर थेंब नव्हता. मग आरती. आरतीला नथ्थूभाऊ गाडी चालू करत. इंजिन धडधडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघे, लोक त्याला धूप म्हणत. आरती संपली की इंजिन बंद, आणि महाराज गाडीखाली शिरून धार काढत.

वरून पाणी घालायचं, इंजिन घुमवायचं, खालून पांढरं काढायचं. मी मनातल्या मनात ते जुळवत होते, तेवढ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या.

बायनाबाई निखाऱ्यांनी फुललेली शेगडी घेऊन आल्या, वर ओवा टाकलेला, आणि त्यांनी ती पिकअपच्या पोटाखाली सरकवली. बाळंतिणीला शेक नको का द्यायला?

"बाई! डिझेलची टाकी हाये वर!" मी धावले.

"काढ, काढ थे शेगडी!" माझ्या आधी महाराज ओरडले आणि स्वतःच्या भगव्या उपरण्यानं त्यांनी ती बाहेर ओढली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आमचं दोघांचं एकमत झालं. ते सावरतात न सावरतात तोच आरतीत इंजिन तापलं आणि बोनेटमधून भसकन वाफ आली. "अंगात आलं! मायच्या अंगात आलं!" लोक घुमू लागले. महाराजांचा ऋषीचा आवाज कुठल्याकुठं गेला.

"बंद कर बे नथ्थू! गरम झाली तं इंजन बसून जाईन!" मग सगळे आपल्याकडे पाहतायत हे लक्षात येऊन त्यांनी दाढी सरळ केली. "म्हणजे... आईसाहेबांना विश्रांतीची आवश्यकता आहे."

तापलेलं इंजिन बसतं, म्हणजे जाम होतं, हे ज्याला माहीत आहे, त्याला चीक कशाचा आहे हेही माहीत असणार. माझी खात्री पटली की हा माणूस भाबडा नाही.

बारसं जवळ आलं होतं. मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकामी पाण्याची बाटली घेऊन अंगणात उभी राहिले. नथ्थूभाऊंनी बदलायला आणलेला नव्या ऑइलचा डबा तसाच पडून होता. सील सगळ्यांसमोर फोडलं. मधासारखं स्वच्छ तेल सगळ्यांना दाखवलं, अर्धी बाटली भरली, वर पाणी ओतलं, बूच लावलं.

"आता पाहा," मी म्हटलं. "तेल आन पाणी मिळत नाई असं आपण म्हणतो. पण जोरानं घुसळलं का तेलाचे बारीक थेंब पाण्यात, पाण्याचे तेलात अडकून बसतात. उजेड त्याच्यातून सरळ जात नाई, म्हून थे पांढरं दिसते."

आणि मी बाटली हलवली. हात दुखेपर्यंत हलवली. बाटलीत पांढरट-पिवळा, दाट, फेसाळ चीक तयार झाला. गंजातल्या चिकाशेजारी ठेवला तर ओळखू येईना. मी बाटली उंच धरली. मला वाटलं, जिंकले.

मग गर्दीतल्या आशाबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"मॅडमच्या हातात बी माय आली वो!"

"अहो आशाबाई, मी सांगून काय राह्यली..."

"नुसतं तेल-पाणी घेतलं आन चीक केला! आमी सगळ्यांनी पाह्यलं!"

महाराज संधी सोडणारे नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "धन्य! धन्य! आईनं साक्षात शिक्षिकेच्या करांत प्रवेश केला! विज्ञानानं आज धर्मापुढे मस्तक नमवलं!"

मस्तक माझं नव्हे, आशाबाईंचं नमलेलं होतं, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या खुर्चीवर नारळ होता. मधल्या सुट्टीत एक गृहस्थ बंद पडलेला मिक्सर घेऊन आले आणि म्हणाले, नुसता हात लावा. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की त्यांच्या स्कूटरचं काही होईल का. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

नारळाकडे पाहत बसले असताना मात्र एक गोष्ट डोक्यात आली. मी त्यांना तेलाबद्दल सांगत होते. तेलाचं त्यांना घेणंदेणं काय? ते चिकाबद्दल बोलत होते, आणि चिकाबद्दल या गावातल्या बायांना जेवढं कळतं तेवढं मला सात जन्मांत कळणार नाही. दर घरी गाय आहे. आणि खरवस करावा तर बायनाबाईंनी. मूलपासून लग्नाकार्याला लोक त्यांना बोलावून नेतात. त्यांचा खरवस सुरीनं कापला तरी कड मोडत नाही.

बारसं त्याच दुपारी होतं. मी शाळेतून रजा टाकून सरळ त्यांच्या चुलीपाशी गेले.

"बायनाबाई, लेकराले कच्चा चीक देता का कधी तुमी?"

"काऊन?"

"गाय व्याली का पह्यले खरवस करता, देवाले दाखवता, मंग घरात वाटता. मंग या मायच्या चिकाचा खरवस काऊन नाई केला? तसाच पाजाचा?"

बायनाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चूक सापडल्याचा भाव होता. "अवं खरंच की वो. निवद नाई, काई नाई. आना थे गंज इकडे!"

महाराज धावत आले. "नाही, नाही माई! हा दिव्य चीक आहे. याला अग्नीचा स्पर्श चालत नाही!"

"कोणत्या चिकाले अग्नी चालत नाई?" बायनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "जलम गेला माहा चिकात. तुमी आपलं नाटकातलं सांगा, महाराज, चिकातलं मले नका सांगू."

चूल अंगणातच मांडली. पाळणा बांधून तयार होता, पुनम बाळाला घेऊन त्याच्या शेजारी बसली होती, आणि सगळं गाव भोवती होतं. बायनाबाईंनी चीक डब्यात ओतला, गूळ किसून घातला, वेलची घातली, डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून वर झाकण दाबलं. मग त्या चुलीपुढे बसल्या. त्यांच्या खरवसाचं असं आहे की झाकण कधी काढायचं ते त्यांना वासावरून कळतं.

वास आला. वेलचीचा नव्हे. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रक दुरुस्तीच्या टपरीशी येतो तो वास. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावला. बायनाबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी झाकण काढलं.

खरवस बसला नव्हता. वर तपकिरी तेलाचा तवंग होता, खाली घाण पाणी, आणि मधे वेलचीची पूड पोहत होती. बायनाबाईंनी सुरी घातली, ती नुसती फिरली. बोट बुडवलं, हुंगलं आणि पदराला पुसलं.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज गर्जले. "या घरात अशुद्धी आहे! ज्या मातेला स्वतःला दूध नाही, तिची सावली पडली म्हणून..."

पुनमनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले. मी तोंड उघडणार, तोच बायनाबाई उठल्या.

"मुखरू," त्या म्हणाल्या. महाराज नाही, मुखरू. "माह्या सुनीचं नाव काढू नोको. आन माह्या खरवसाचं बी काढू नोको. दुष्काळातल्या गाईचा चीक बसवला मी. बकरीचा बसवला. चीक असन तं बसतेच. हे बसलं नाई, म्हणजे हा चीकच नोहे." त्यांनी डब्यातून चमचा भरला आणि त्याच्या दाढीपुढे धरला. "माह्या नातवाले पाजाले निंघाला होता ना? पह्यले तू पे."

"आज... आज माझा उपवास आहे, माई."

"उपासाले दूध चालते."

महाराजांनी चमच्याकडे पाहिलं, तवंगाकडे पाहिलं. कपाळाच्या घामानं दाढीचा गोंद सुटला आणि दाढी एका कानाला लोंबली. पुढच्या क्षणी त्यांनी उडी मारली ती थेट निकेशच्या मोपेडवर. किक मारली आणि कुंपणाच्या फटीतून पसार झाले.

"माही मोपेड!" निकेश धावला.

"अबे, लेकरू पळवलं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि इतके दिवस हात जोडून उभं असलेलं गाव पोट धरून हसलं. मोपेड पुढे नाल्यापाशी सापडली. तान्ह्या लेकरात पेट्रोल टाकायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मुखरू तिथून पायी जंगलच्या वाटेनं गेला.

हसू ओसरल्यावर मी नथ्थूभाऊंना बोनेट उघडायला लावलं. यावेळी बाटली आणली नाही.

"भाऊ, ऑइलची पट्टी काढा."

भाऊंनी इंजिनात तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं आणि पट्टीवर साय चिकटलेली होती.

"रोज धार काढता, तरी पोटातलं वाढून राह्यलं. का वाढते?" मी गर्दीकडे वळले. "इंजिनात दोन वाटा असतात. एक तेलाची, एक पाण्याची. शेजारून जातात पण भेटत नाई, कारण मधे एक पातळ पत्रा असते. त्याले गॅसकेट म्हणतात. थे गॅसकेट जळली का पाणी तेलात उतरते. इंजिन सुरू केलं का आत रवी फिरावं तसं दोन्ही घुसळल्या जाते. तुमी वरून तांब्यानं जे पाणी ओतून राह्यल्या, तेच खालून काढून राह्यल्या. माय पाणी पीत नाई. मायची गॅसकेट गेली."

"हो का गा, नथ्थू?" बायनाबाईंनी विचारलं.

नथ्थूभाऊ जमिनीकडे पाहत होते. त्यांनी पट्टी फडक्यानं पुसली.

"सिंदेवाहीच्या रोडवर गरम झालती मागं," ते म्हणाले. "तवाच समजलं होतं मले, काहीतरी आत फुटलं म्हून. मुखरू बी घुग्घुसले टिरकावर किलीनर होता, त्याले बी समजलं असन. पण बाई, पोट्टे म्हणून राह्यले होते भंगारात दे, भंगारात दे. मंग एक दिवस सगळं गाव हात जोडून उभं राह्यलं तिच्यापुढे. माह्यानं बोलनं झालं नाई." मग त्यांनी पाळण्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज फाटला. "पोराले पाजतीन असं नोहतं वाटलं मले. नाई तं बोललो असतो."

बोलले असते की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्यावर चिडले होते आणि मला त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम होतं.

मफलर सोडला. भाऊंनी घमेलं सरकवलं, नट पूर्ण काढला आणि ते सगळं पांढरं निथळू दिलं. मूलहून गॅसकेट आणून बसवली, नवं ऑइल भरलं. पिकअप धानाच्या पोत्यांनी लादून राइस मिलला गेली आणि परत आली. पट्टीवर तेल होतं तिथंच राहिलं. लाडू कुणी ठेवले नाहीत, माकडं दोन दिवस वाट पाहून गेली.

पुनमला मी स्कूटीवर बसवून पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला कसं धरायचं, किती वेळा घ्यायचं ते तिच्या हाताला हात लावून दाखवलं, आणि घरच्यांना एवढंच सांगितलं की हिला नीट जेवू द्या आणि हिच्या डोक्याशी बसून बडबड करू नका. बायनाबाईंनी ओट्यावरची गर्दी हाकलून दिली. हळूहळू दूध आलं. त्यात चमत्कार नव्हता, झोप होती आणि जेवण होतं.

आता वाचणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. अशा मुखरूंना शिंगं नसतात, म्हणून ते लांबून ओळखू येत नाहीत. ते आपल्याला आवडेल तेच सांगतात आणि आपण आपल्याला माहीत असलेलंच विसरतो. हळदटोल्यातल्या एकाही बाईला चीक ओळखायला माझी गरज नव्हती. गरज होती ती एका प्रश्नाची: हे खरं असेल तर खरवस बसला पाहिजे, मग बसवून का पाहू नये? तुमच्या गावात, तुमच्या घरात कुणी काही दिव्य घेऊन आलं, तर ज्या गोष्टीतलं तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं, त्या गोष्टीवर ते घासून पाहा. लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी तर पाहाच.

काही दिवसांनी एक अनोळखी बाई अंगणात आली. दूरच्या गावाहून पायी आली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, कडेवर अंगभर फोड आलेलं मूल. धार देणारी गाडी इथंच का, असं तिनं विचारलं. मी उत्तर द्यायला पुढे झाले, पण बायनाबाई आधीच उठल्या होत्या. त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला, तिला ओट्यावर बसवलं आणि तेच पाणी तिला प्यायला दिलं.

"थे सगळं खोटं निंघालं, बाई," त्या म्हणाल्या.

"पण एवढे लोकं सांगून राह्यले होते. आमच्या गावातले बी पाहून गेले."

"आमी बी सांगत होतो. पाहत कोणीच नोहतो." बायनाबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि आवाज दिला, "नथ्थू, गाडी काढ गा. या लेकराले ताप हाये, मूलच्या दवाखान्यात न्या लागते."